जालन्याजवळचं टचलेस वॉशिंग सेंटर: प्रीसोक निवडण्याचं एक प्रकरण

जालना शहराबाहेर, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजकडे जाणाऱ्या रस्त्याला हे वॉशिंग सेंटर आहे. जागेचा याहून जास्त तपशील मालकांच्या विनंतीवरून देत नाही. एका शेडमध्ये ३६० डिग्रीचं टचलेस मशीन, शेजारी हाताने धुण्याचा जुना रॅम्प, मागे बोअर आणि दोन मोठ्या टाक्या. गाडी आत उभी राहिली की मशीनचा वाकडा हात तिच्याभोवती फिरतो. आधी साधं पाणी, मग प्रीसोक (मळ सैल करणारं केमिकल), थोडं थांबणं, मग जास्त दाबाचं पाणी, फोम, पुन्हा पाणी, वॅक्स आणि शेवटी हवा. ब्रश लागत नाही, फडकं लागत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरांत हेच लिहिलेलं होतं.

तक्रार अशी होती. पांढरी गाडी ओली बाहेर येते तेव्हा चकाचक दिसते. वाळली की डिग्गीवर आणि दारांच्या खालच्या भागावर राखाडी थर दिसायला लागतो, बोट फिरवलं की रेघ उठते. काळ्या गाडीचं उलटं, तिच्यावर पांढुरके ओघळ. समोरच्या बंपरवरचे किडे जिथल्या तिथे. त्यामुळे पोरं बाहेर मायक्रोफायबर घेऊन उभी राहायची आणि प्रत्येक गाडी पुसायची. म्हणजे गिऱ्हाइकाकडून टचलेसचे पैसे घ्यायचे आणि गाडी अर्धवट निघालेल्या धुळीसकट पुसून द्यायची. अशा पुसण्यानं क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक गोल ओरखडे पडतात, आणि गडद रंगाच्या गाडीचा मालक ते दुसऱ्या दिवशी उन्हात बघतो.

"गाडी धुवायलोय का नुसती भिजवायलोय, तेच कळंना गेलंय सर," असं मालक म्हणाले.

तोवर त्यांनी प्रीसोकचे बरेच कॅन बदलून झाले होते. बदलण्याची दिशा मात्र एकच होती, आधीच्यापेक्षा कडक. विकणारा यायचा, पीएचची पट्टी बुडवून गडद निळा रंग दाखवायचा, बोट बुडवून बुळबुळीतपणा दाखवायचा, आणि कॅन ठेवून जायचा. शेवटच्या कॅनवर पीएच १३.५ लिहिलेला होता. त्याने किडे थोडे जास्त निघाले खरे, पण एका एसयूव्हीच्या छतावरची ॲल्युमिनियमची रेल पांढुरकी पडली आणि भरपाई द्यावी लागली. याच टप्प्यावर मला बोलावणं आलं, आणि पहिला प्रश्न होता, "कोणतं केमिकल घेऊ?"

या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी देता येत नाही. देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं मत आहे.

मशीन नेमकं काय करतं

धुलाईच्या धंद्यात सिनरचं वर्तुळ म्हणून एक जुना हिशेब आहे. जर्मनीतल्या हेन्केल कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ च्या सुमारास तो मांडला. मळ काढायला चार गोष्टी लागतात: केमिकल, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली की उरलेल्या तिघींनी ती भरून काढायची. टचलेसमध्ये घासणं जवळजवळ गेलेलं असतं. पाण्याचा दाब असतो, पण त्याला मर्यादा आहे. वाहतं पाणी पृष्ठभागाला अगदी लागून जवळजवळ थांबलेलंच असतं, आणि काही मायक्रॉनचा धुळीचा कण त्या थांबलेल्या पातळ थरात लपून राहतो. दाब वाढवला तरी तो हलत नाही. ब्रशच्या मशीनमध्ये साधारण शाम्पूही चालून जातो कारण ब्रश हे काम उरकतो. टचलेसमध्ये प्रीसोकने कणाची पकड सोडवली नाही तर पुढच्या सगळ्या फेऱ्या शोभेच्या.

वेळेचं बघितलं तर प्रीसोक मारल्यावर दाबाचं पाणी सुरू होईपर्यंत मशीन जेमतेम वीस सेकंद थांबत होतं. कुणीतरी गाड्यांची संख्या वाढावी म्हणून ते कमी करून ठेवलेलं. आम्ही पहिल्यांदा तेच ४५ सेकंदांवर नेलं. केमिकल तेच, पाणी तेच, तरी फरक दिसला. पण राखाडी थर गेला नाही.

मळ कसला आहे

या जागेची गंमत ही की इथं चार वेगळे मळ एकाच गाडीवर येतात.

पहिली काळी माती. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली ही माती स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली असते. तिचे कण दोन मायक्रॉनहूनही बारीक, चपटे, अंगावर ऋण भार असलेले. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून पत्र्याला धरते. पावसाळ्यात वावरातून आलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानीत ती किलोंनी असते, पण ते ढेकूळ पाण्याने पडतं. त्रास देते ती ढेकूळ पडल्यावर उरलेली साय.

दुसरे किडे. समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेल्यावर ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. ताशी १२० किलोमीटरची मुभा, दोन्ही बाजूंना शेती. रात्री विदर्भातून आलेल्या गाडीचा बंपर बघितला की कळतं. किडा म्हणजे प्रथिनं आणि कायटिन (त्याचं टणक कवच), उन्हात भाजून पेंटला चिकटलेली.

तिसरी स्टीलची धूळ. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळ्या बनवणारे कारखाने आहेत. तिथं काम करणाऱ्या लोकांच्या गाड्या दिवसभर त्याच आवारात उभ्या असतात. लोखंडाचे सूक्ष्म कण पेंटवर बसतात आणि दवाच्या ओलीने गंजून आत रुततात. पांढऱ्या गाडीवर केशरी टिपके दिसतात ते हेच.

चौथा मळ गिऱ्हाईक स्वतःच्या घरून घेऊन येतं. दारात बोअरच्या पाण्याने गाडी धुवायची आणि उन्हात तशीच सोडायची. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाग होऊन बसतात. त्या डागांवर पुढची धूळ पक्की धरते. यावर डिझेलचा काजळ-तेलकट थर आहेच, पण तो सगळ्याच हायवेंवर असतो.

आता औषध कुणाला काय लागतं ते बघू. तेल, काजळी, किडे, पक्ष्यांची घाण यांना अल्कली लागते. अल्कली तेलाचा साबण करते आणि प्रथिनं फुगवून सैल करते. क्षारांच्या डागाला ॲसिड लागतं, अल्कलीने तो हलत नाही, उलट पक्का होतो. चिकणमातीला दोन्हींपेक्षा जास्त गरज असते ती पटकन आत शिरणाऱ्या सर्फॅक्टंटची (साबणासारखं मळ सोडवणारं रसायन) आणि सुटलेले कण परत बसू न देणाऱ्या घटकाची. रुतलेल्या लोखंडाला प्रीसोकचं काहीच चालत नाही. म्हणजे मालक तोवर ज्या एकाच दिशेने जात होते, जास्त कडक अल्कली, तिचा उपयोग चारपैकी एका मळाला. क्षाराच्या डागांच्या बाबतीत ती दिशा चक्क उलटी होती.

पाणी

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा तपासला. लिटरला ५२० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे हे पाणी बेकायदा वगैरे नाही, मराठवाड्यात बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी असं असणं नवलाचं नाही. लोक पितातही. पण प्रीसोकसाठी ते विष आहे.

का, त्याचा हिशेब मांडतो, कारण विकणारा हा हिशेब कधी मांडत नाही. कठीण पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. त्यात कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, कडक अल्कली) पडलं की कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड तयार होते. तीच काळ्या गाडीवर ओघळ म्हणून दिसते आणि तीच नोझलमध्ये जमते. शिवाय स्थानिक बनावटीचे बरेच फोम आणि प्रीसोक ॲसिड स्लरीत (डिटर्जंटचा कच्चा माल) कॉस्टिक घालून बनवलेले असतात. त्यातून तयार होणारा सर्फॅक्टंट कॅल्शियमला फार लवकर बळी पडतो.

हे टाळायला चांगल्या प्रीसोकमध्ये ईडीटीएसारखे कॅल्शियमला धरून ठेवणारे घटक घालतात. ५२० मिलिग्रॅम कठीणपणा पूर्ण धरायचा तर लिटरला जवळजवळ दोन ग्रॅम टेट्रासोडियम ईडीटीए लागतं. समजा कॅनमध्ये ५ टक्के ईडीटीए आहे आणि आपण ते शंभर पट पातळ करतो. मिळालं किती? लिटरला अर्धा ग्रॅम. गरजेच्या एक चतुर्थांश. म्हणजे गाडीपर्यंत पोहोचायच्या आधीच तो घटक पाण्यातल्या कॅल्शियमवर खर्च झाला. कालव्याच्या मुखालाच पाणी उपसलं गेलं की टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं, तेच इथं गाडीचं होतं. कॅन कितीही महाग घ्या.

त्यामुळे पहिली खरेदी केमिकलची झाली नाही, पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची झाली. मालकांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या डोक्यात सगळ्या सेंटरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर होता आणि त्याची किंमत ऐकून त्यांनी तो विषय आधीच सोडलेला. पण दाबाच्या पाण्याला सॉफ्टनरची गरज नाही. केमिकल ज्या पाण्यात मिसळतं तेवढंच पाणी मऊ करायचं. एका गाडीला दोन्ही प्रीसोक (एक अल्कलीचा, एक ॲसिडचा, ते पुढे येतंच) आणि फोम मिळून १५ लिटर द्रावण धरलं आणि दिवसाला ३० गाड्या, तर ४५० लिटर. सॉफ्टनरमधलं रेझिन (कठीणपणा धरणारे मणी) प्रत्यक्षात लिटरमागे साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. २५ लिटर रेझिनचा छोटा सॉफ्टनर म्हणजे १२५० ग्रॅम, म्हणजे या पाण्याचे २४०० लिटर. पाच दिवसांनी एकदा मिठाच्या पाण्याने रिजनरेट करायचा, म्हणजे रेझिन पुन्हा ताजं करायचं, दर वेळी तीन-चार किलो मीठ. एवढंच काम.

एक खुलासा इथंच करून टाकतो, कारण यावरून भांडणं होतात. सॉफ्टनरने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी होत नाहीत. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, एवढंच. शेवटच्या पाण्याचे डाग पडू नयेत असं वाटत असेल तर शेवटच्या फेरीला आरओचं पाणी लागतं. मालकांनी तो आरओ नंतर बसवला आणि त्याचं रिजेक्ट पाणी खालच्या चिखलाच्या पहिल्या धुण्याला वळवलं.

नोझलवर काय येतंय

कॅनवर १:१०० लिहिलंय म्हणून नोझलमधून १:१०० येतंय असं धरणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय. हे मशीन इंजेक्टरने केमिकल ओढतं. नळीच्या तोंडाशी बारीक भोकाची एक टिप असते, भोक जेवढं, तेवढा ओढा. गाढा माल त्या भोकातून कमी ओढला जातो. आणि गाढेपणाचा ताकदीशी संबंध नसतो, एसएलईएस (फेस करणारा एक सर्फॅक्टंट) असलेलं द्रावण साध्या मिठानेही दाट होतं. मालक दर वेळी जास्त दाट, म्हणून त्यांच्या मते जास्त कडक कॅन आणत होते, आणि मशीन दर वेळी तो कमी ओढत होतं.

पीएच पट्टीने हे पकडता येत नाही. कॉस्टिकचं द्रावण निम्म्याने पातळ झालं तरी पीएच फक्त ०.३ ने खाली येतो, पट्टीच्या रंगात तो कुणाला दिसणार? त्यासाठी टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून ताकद काढणं, करावं लागतं, आणि ते बारावी सायन्सच्या पोराला जमतं. कॅनमधला माल मऊ पाण्यात मोजून शंभर पट पातळ करायचा. त्यातला ठरावीक नमुना घ्यायचा, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, गुलाबी होतो. मग ठरावीक ताकदीचं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने टाकत गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. हा आपला माप. आता नोझलमधून बादलीत धरलेल्या द्रावणाचा तेवढाच नमुना घेऊन तसंच करायचं. इथं आपल्या मापाला २० थेंब लागले आणि नोझलच्या नमुन्याला ११. म्हणजे लिहिलेल्या ताकदीच्या निम्म्यापेक्षा जरासं जास्त. नळीच्या टोकाची जाळी काढली तर ती पांढऱ्या पुडीने भरलेली होती. कठीण पाणी उलटं येऊन तिथं कॉस्टिकला भेटलेलं.

जाळी आणि टिप बदलल्यावर जुन्याच कॅनचा निकाल सुधारला. मालक क्षणभर गप्प झाले आणि मग मागच्या कॅनांचा हिशेब करायला लागले. मी थांबवलं, त्यातून काही हाती लागणार नव्हतं.

अल्कली कोणती

आता कुठे केमिकलची निवड. समोर तीन माल होते. एक निव्वळ कॉस्टिकवर चाललेला, स्वस्त. दुसऱ्यात सोडियम मेटासिलिकेट भरपूर. तिसऱ्यात कॉस्टिक पोटॅश (सोडियमऐवजी पोटॅशियमचं कॉस्टिक), थोडं सिलिकेट, ईडीटीए आणि कमी फेस करणारे सर्फॅक्टंट.

निव्वळ कॉस्टिकचा माल आम्ही चाचणीआधीच बाजूला केला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, आणि हल्लीच्या गाड्यांवर अलॉय व्हील, रूफ रेल, खिडक्यांच्या पट्ट्या असं बरंच ॲल्युमिनियम उघडं असतं.

सिलिकेटचा पेच खरा होता. सिलिकेट ॲल्युमिनियमवर बारीक थर धरून त्याला अल्कलीपासून वाचवतं, ही त्याची जमेची बाजू. पण तेच सिलिकेट काचेवर वाळलं तर काचेसारखाच थर होऊन बसतं, आणि तो मग कशानेही सहज निघत नाही. थंड हवेच्या गावात मी दुसऱ्या मालाला हरकत घेतली नसती. जालन्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हातून आलेल्या गाडीच्या बोनटवर हात ठेववत नाही. तिथं प्रीसोक पंचेचाळीस सेकंदांच्या आतच वाळायला लागतो. म्हणून थोडंच सिलिकेट असलेला तिसरा माल. त्यातल्या पोटॅशचे क्षार पाण्याने जास्त सहज धुऊन जातात, हा आणखी एक फायदा.

चाचणी साधी होती. एकाच गाडीच्या बोनटवर मधोमध मास्किंग टेप. दोन हँड स्प्रे, दोन्हीत सारख्याच ताकदीचं द्रावण, सारखंच मऊ पाणी, सारखा वेळ. दाबाने धुवायचं, वाळू द्यायचं, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं पांढरं सुती कापड एकदाच फिरवायचं. कापडं शेजारी शेजारी ठेवली की विकणाऱ्याला काही बोलायला उरत नाही. दोन वेगळ्या गाड्यांवर दोन माल मारून तुलना करणारे खूप भेटतात. तिचा काही अर्थ नसतो, कारण मळच वेगळा.

किमतीचं बोलायचं तर तिसरा माल लिटरला सगळ्यात महाग होता. पण लिटरची किंमत बघायचीच नसते. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ: ८० रुपये लिटरचा माल १:४० ला चालतो, १९० रुपयांचा १:१२० ला. गाडीला ८ लिटर द्रावण. पहिल्याचं १९५ मिलिलिटर लागलं, म्हणजे साडेपंधरा रुपये. दुसऱ्याचं ६६ मिलिलिटर, साडेबारा रुपये. मऊ पाण्यामुळे हा महाग माल एवढा पातळ करून चालवता येतो, बोअरच्या पाण्यात हे गणित बसलं नसतं.

ॲसिड कोणतं, आणि कोणतं मुळीच नाही

क्षारांच्या डागासाठी आणि काचेच्या स्वच्छतेसाठी दुसरा, ॲसिडचा प्रीसोक लागणार हे ठरलेलं होतं. इथं मात्र मी थोडा हट्टी आहे. एका विक्रेत्याने आणलेल्या नमुन्याने अलॉय व्हील बघता बघता उजळलं, पोरं खूश झाली. मी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय घातलंय आणि धोका काय ते सांगणारा कागद, मागितली. ती नव्हती. एवढ्या झटपट ॲल्युमिनियम उजळवणाऱ्या मालात हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असण्याचा संशय घ्यावाच. शीटमध्ये त्यांचे कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) ७६६४-३९-३ आणि १३४१-४९-७ असे असतात, नावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असली तरी हे आकडे शोधायचे. हे ॲसिड काच खातं. माणसाच्या बाबतीत त्याहून वाईट: पातळ द्रावण हाताला लागलं तर लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी आत हाडापर्यंत जाणाऱ्या वेदना सुरू होतात, कारण फ्लोराइड शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसलेल्या, हातमोजे न घालता कॅन ओतणाऱ्या पोरांच्या सेंटरवर ते येऊच नये. कागद नाही तर माल नाही, यावर चर्चा संपली.

साधं हायड्रोक्लोरिकही नको. स्वस्त आहे, पण त्याची वाफ शेडमधलं सगळं लोखंड, मशीनसकट, गंजवते. ऑक्झॅलिक गंजावर छान चालतं, मात्र ते विषारी आहे आणि कठीण पाण्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा न विरघळणारा गाळ करतं. उरले सायट्रिक, फॉस्फोरिक आणि सल्फॅमिक. क्षार काढायला सल्फॅमिक चांगलं. आम्ही सल्फॅमिक-सायट्रिकचा, सर्फॅक्टंट घातलेला माल घेतला. वापरायच्या द्रावणाचा पीएच साधारण अडीच. त्याचं टायट्रेशन उलट्या दिशेने, कॉस्टिकच्या द्रावणाने, रंग गुलाबी होईपर्यंत.

कॅन एकमेकांपासून लांब ठेवायचे, एकाची नळी चुकून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून निळी आणि लाल टेप. कडक ॲसिड आणि कडक अल्कली एकत्र आलं की उकळी फुटते. ब्लीचचा कॅन त्या खोलीत नकोच, ॲसिडशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो.

क्रम

आधी ॲसिड की आधी अल्कली, यावर दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. आधी ॲसिड मारलं तर मळाला धरून ठेवणारे क्षार सैल होतात, मग अल्कली आतला तेलकट थर उचलते. आधी अल्कली आणि शेवटी ॲसिड ठेवलं तर उरलेली अल्कली मारली जाते आणि काच चमकते. इथं टेपची चाचणी दोन्ही क्रमांनी केली. ॲसिड आधी, लगेच त्यावर अल्कली, मध्ये पाणी नाही, या क्रमाने डिग्गीवरचा राखाडी थर स्पष्टपणे जास्त निघाला. उन्हात तापलेल्या गाडीला मात्र दोन्हींच्या आधी साध्या पाण्याची जास्तीची फेरी ठेवली. ती धुण्यासाठी नाही, पत्रा थंड करण्यासाठी.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच कोमट असतं, त्यामुळे डोस कमी चालतो आणि वाळण्याच्या भीतीने थांबण्याचा वेळ ३० सेकंदांवर आणावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी गार, तेव्हा वेळ मिनिटभर आणि डोस थोडा वर. म्हणजे सिनरचं वर्तुळच, फक्त कॅलेंडरवर टांगलेलं. मशीनवर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन प्रोग्रॅम करून ठेवले.

किड्यांसाठी मशीनवर भरवसा ठेवला नाही. गाडी आत घ्यायच्या आधी पोरगं बंपर, आरसे आणि नंबर प्लेटवर तोच अल्कलीचा माल हँड स्प्रेने मारतं आणि पैसे घेईपर्यंत तो मुरतो. सावलीत, हे महत्त्वाचं. मागच्या काचेवर रेडियमची अक्षरं असतील तर तिथं स्प्रे मारायचा नाही आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. जुनं रेडियम कडेने सुटतंच, आणि त्यावर कुणाच्या तरी देवाचं नाहीतर पोराचं नाव असतं.

फोमबद्दल दोन वाक्यं. रंगीत फोम गिऱ्हाइकाला आवडतो, मोबाइलवर शूटिंग होतं, तो ठेवला. धुण्याच्या हिशेबात तो धरला नाही.

गटारीत काय जातं

हा भाग मालकांना सगळ्यात कमी रुचला आणि मला सगळ्यात रंजक वाटला. सेंटरला पाण्याची टंचाई असल्याने धुतलेलं पाणी गाळाच्या टाकीतून परत वापरायचं होतं. आधी ते बऱ्यापैकी निवळायचं. नवा प्रीसोक सुरू झाल्यावर ते निवळेचना, दोन-दोन दिवस काळपट चहासारखं. कारण तेच, जे गाडीवर चांगलं काम करत होतं. सोडियम, पोटॅशियम आणि अल्कली काळ्या मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतात आणि सुटे ठेवतात. पत्र्यावरून ते उचलायला हवे असतात, टाकीत ते बसायला हवे असतात. उपाय गावठीच होता, तुरटी. नमुन्याच्या बाटल्यांत वेगवेगळा डोस टाकून बघायचं, ज्यात सगळ्यात कमी तुरटीने पाणी निवळतं तो डोस. तरीही परत आलेलं पाणी फक्त चाकांना आणि खालच्या भागाला, बॉडीला नाही. बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये हवा हा नियम आहे. ॲसिड आणि अल्कली दोन्ही एकाच टाकीत जात असल्याने तो बहुतेक वेळा आपोआप राहतो. तेलासाठी आधी सापळा टाकी लागतेच.

आता स्थिती

डिग्गीवर पांढरं कापड फिरवलं तर ते अजूनही कोरं येत नाही. टचलेसमध्ये ते येतही नाही, आणि तसं सांगणाऱ्याला खुशाल दारातून परत पाठवावं. पण उरलेला थर उभ्या माणसाला दिसत नाही, आणि पोरांची मायक्रोफायबर आता फक्त आरशांवर आणि दारांच्या फटीतल्या पाण्यावर चालते. काळ्या गाडीचे ओघळ गेले.

स्टीलच्या धुळीचं काम प्रीसोकमधून बाहेर काढलं. थायोग्लायकोलेटचा लोखंड काढणारा माल हाताने मारायचा, तो कणांवर जांभळा होतो, मग धुवायचा. वास घाणेरडा, वेळ जास्त, म्हणून त्याचा दर वेगळा. कारखान्यातल्या लोकांना आधी हा वरून पैसे काढायचा धंदा वाटला. आपल्याच दारावर जांभळे ओघळ बघितल्यावर घासाघीस फक्त दरावर होते.

न सुटलेली गोष्ट पाण्याचीच आहे. मे महिन्यात बोअर आटतं आणि टँकर येतो, दर वेळी वेगळ्या विहिरीचा. एका टँकरचं पाणी ७०० च्या वर निघालं, आणि पाच दिवसांनी व्हायचं रिजनरेशन चौथ्या दिवशीच करावं लागलं. त्याआधी नोझल पुन्हा पांढरे झाले होते. आता टँकर आला की पाइप टाकीत सोडण्याआधी एक नमुना काढून कठीणपणाच्या किटचे थेंब मोजले जातात आणि आकडा सॉफ्टनरच्या शेजारी भिंतीवर खडूने लिहिला जातो. दुसरा सॉफ्टनर घ्यायचा की मे महिनाभर जायकवाडीच्या पाण्याचाच टँकर जास्त पैसे देऊन मागवायचा, हे मालक आणि त्यांचे मेव्हणे अजून ठरवतायत.